बिनखिळ्यांचा हॉल

११ जानेवारी

ती. स्व. दादास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण मखमल. हो, तोच, आपला आतेभाऊ. लहानपणी गोड बोलून माझ्या हातातली गोळी काढून स्वतःच्या तोंडात टाकायचा, तो. आता त्याने माझ्यासमोरची टेकडी काढून घेतली.

आत्याची ती किनाऱ्याची जमीन त्याच्या नावावर झाली हे तुला माहीत आहेच. पलीकडे समुद्र, अलीकडे माझी रोपवाटिका, आणि मध्ये ती वाळूची टेकडी, वेलींनी घट्ट बांधलेली. सोमवारी बुलडोझर आला आणि आठवडा संपायच्या आत तिथे ताट ठेवावं अशी सपाट जागा झाली. मी कुंपणावरून विचारलं, तर म्हणाला, ताई, तुला आता घरबसल्या समुद्र दिसेल, माझे उपकार मान.

समुद्र दिसला ना! परवाच्या उधाणाला तो थेट माझ्या वाफ्यांत येऊन बसला. मिरची, टोमॅटो, झेंडू, सगळी रोपं उभ्या उभ्या जळाली. पाण्यानेही जळतं हे ह्यांना पटवायला मला संध्याकाळ लागली. हे बोटीवर इंजिनापाशी असतात, रोज समुद्र पार करतात, पण समुद्राबद्दल ह्यांना काहीही माहीत नाही. ह्यांचं म्हणणं, नातेवाइकाशी वाकडं नको. मला वाकडंच पाहिजे.

एक विहीर तेवढी वाचली. पाणी अजून पहिल्यासारखं गोड आहे. तिच्या जोरावर पुन्हा बी टाकलंय.

तू ये. सरळ सांगते, तू इथे ये. तू कायदे वाचतोस, तुझ्यासमोर तो तोतरा होतो. मला भरपाई नको. मला त्याचं उतरलेलं तोंड बघायचंय.

वहिनीला नमस्कार. लोभ कमी-जास्त होतो, हे पत्र मिळाल्यावर तो जास्तीच्या बाजूला असावा.

तुझी
ठकी

* * *

१९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. माझ्या बहिणीच्या वाफ्यात समुद्र सोडतो! त्याला भुईसपाट नाही केला तर मला सुतार म्हणू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून किनाऱ्याचे नियम आणून शब्दकोश शेजारी ठेवून वाचतोय. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही, पण वाचायला मला कुणी लागत नाही. नीट समजून घे. सगळ्यात मोठ्या भरतीचं पाणी जिथवर येतं, ती भरतीरेषा. तिच्यापासून आत ठरावीक पट्ट्यात पक्कं बांधकाम करता येत नाही. वाळूच्या टेकडीला हात लावता येत नाही. जमिनीतलं पाणी उपसता येत नाही. चालतं ते फक्त तात्पुरतं बांधकाम, म्हणजे जे जसं उभं केलं तसं सोडवून नेता येईल ते, आणि तेही वादळाचे महिने सुरू होण्याआधी काढायचं.

म्हणजे टेकडीवरच तो अडकला. तू किनारा खात्याच्या कचेरीत तक्रार दे. भाषा साधी ठेव, शिव्या घालू नकोस, त्या मी आल्यावर तोंडी घालीन. हातातल्या दोन खिडक्या झाल्या की निघतोच.

आशीर्वाद आहेतच. राग मात्र जपून ठेव, वापरायचा आहे.

तुझा
दादा

* * *

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

फार दिवसांनी लिहितोय, रागावू नकोस. तू रागावलास की तुझ्या मिश्या आधी रागावतात हे मला अजून आठवतं.

कामाचं बोलतो. समुद्रासमोर जेवणाचा हॉल काढतोय. परवानगी तात्पुरत्या बांधकामाची आहे, त्यामुळे सिमेंट नाही, खिळा नाही. चार कंत्राटदारांना विचारलं. एकाने लोखंडी पाइप आणि ताडपत्री सांगितली, दुसऱ्याने प्लायवूड. मला त्यांची कीव आली. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं, नुसत्या खाचा आणि खुंट्यांवर एवढा हॉल उभा करणारा एकच माणूस आहे, पण तो तुमचं काम घेणार नाही. मी म्हटलं, माझा भाऊच आहे तो.

लाकूड तू निवडायचं. नकाशा तुझा. कुणी मध्ये बोलणार नाही, मीसुद्धा.

ठकीने तुला काहीबाही लिहिलं असेल. तिची टेकडी वाऱ्याने गेली रे. वाळूच ती, जाते. खात्याचा नकाशाही तिथे सपाट जागाच दाखवतो.

तुझ्या हाताला साजेसं काम तुझ्या आयुष्यात एकदा तरी यावं, एवढ्यासाठी लिहिलं. लोभ आपल्या रक्तातच आहे, वेगळा काय मागायचा?

तुझाच
आतेभाऊ

* * *

६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आधी पत्र पूर्ण वाच, मग फाड.

मखमलच्या हॉलचं काम मी घेतलं आहे. तुझ्या भुवया इथून दिसतायत. पण विचार कर. मी नाही केलं तर तो कुणाकडून तरी सिमेंट ओतून घेईल आणि वर चार फळ्या ठोकून तात्पुरतं म्हणेल. मी केलं तर ते नियमातल्या शब्दाला शब्द धरून तात्पुरतं होईल. वादळाचे महिने आले की त्याला काढावंच लागेल, सबबच उरणार नाही. त्याच्या गळ्यात कायदा बांधायचा, तर तो आपल्या हाताने का बांधू नये? मी शत्रूच्या गोटात शिरतोय असं समज.

सगळे भाग इथे कारखान्यात घडवतोय. काय सांगू तुला! अख्ख्या हॉलमध्ये एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, डिंकाचा थेंब नाही. खांब तुळईत, तुळई वाशात, आणि प्रत्येक सांध्याला एक पाचर. पाचर ज्या क्रमाने ठोकली त्याच्या उलट क्रमाने निघते, मधलीच ओढली तर सांधा आणखी आवळतो. काल एक सांधा जुळवून तुझ्या वहिनीला दाखवला. ती म्हणाली, फट कुठे आहे? मी म्हटलं, हाच तर प्रश्न आहे.

उभारायला येईन तेव्हा तुझ्याकडेच उतरेन. लोभ आहे तिथेच आहे, फक्त सध्या कामात आहे.

तुझा
दादा

* * *

१३ मार्च

रा. रा. सुतार यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. पूर्ण वाचलं. फाडलं नाही, कारण इतकी सुंदर थाप रोज वाचायला मिळत नाही.

आपण शत्रूच्या गोटात शिरताय हे वाचून हे फार हसले. मी हसले नाही. मी आपल्याला बोलावलं तेव्हा आपल्या दोन खिडक्या राहिल्या होत्या. त्याने बोलावलं तर खिडक्या आपोआप बंद झाल्या. त्याने तुमची दुखरी नस धरली, सुतारदादा. आपल्याला वाटतंय आपण त्याला फसवताय, आणि तो तिथे बसून सुपारी कातरतोय.

माझी तक्रार खात्यात दिली. उत्तर आलं की नकाशात टेकडी नाही, तेव्हा ती पाडली कशी म्हणायची.

उभारणीच्या वेळी आमच्याकडे उतरण्याची तसदी घेऊ नये. आमच्याकडे जागा नाही. जागा सपाट करून देणारे आपले यजमान आहेतच.

कळावे. लोभाचा साठा सध्या संपलेला आहे, आल्यास कळवू.

आपली
रोपवाटिकावाली

* * *

२४ एप्रिल

रा. रा. सुतार यांस,
स. न. वि. वि.

नाइलाजाने लिहीत आहे.

विहीर गेली. उधाण नाही, लाट नाही, काही नाही. मंगळवारी सकाळी ह्यांनी चूळ भरली आणि थुंकले. मी चव घेतली. मीठ. नवी रोपं पुन्हा पिवळी पडली आहेत, या वेळी मुळापासून. पाणी खालीही गेलंय, बादलीचा दोर पुरत नाही.

आपला तो हॉल रोज भरलेला असतो. दिवे, गाणी, हात धुवायला ओळीने नळ. मखमल सांगतो पाणी टँकरने येतं. टँकर येतो, हे खरं. मी कुंपणाशी उभी राहून बघते. येताना डुलत येतो आणि जातानाही तसाच डुलत जातो. टायर तितकेच दबलेले. भरलेला येतो आणि भरलेला जातो, दादा! मग त्या नळांना पाणी कुठून येतं?

तुझ्या त्या हॉलच्या फळ्यांखाली काय आहे? त्या तूच बसवल्यास ना, तुला माहीत असणार. तिथे बोअर मारली असेल तर माझ्या विहिरीचं गोड पाणी तो ओढतोय आणि त्या जागी समुद्र येतोय. खात्यात नव्या बाई आल्यात, सरळ आहेत. पण त्या म्हणाल्या, परवानगी असलेल्या बांधकामाच्या फळ्या नुसत्या संशयावर उचकटता येत नाहीत. आता तो हॉल निघाला तरच कळेल.

काढायची तारीख आली आहे. तू येऊन काढ. दुसऱ्यांदा बोलावतेय.

लोभाचं नंतर बघू.

ठकी

* * *

३० एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

"फळ्यांखाली काय आहे" असं विचारतेस! खाली वाळू आहे, वाळूवर दगडी बैठका, बैठकांवर आडव्या तुळया, आणि त्यावर फळ्या, ज्यांच्यामधून पोस्टकार्डसुद्धा जात नाही. बोअर असती तर मला दिसली नसती का? उभारणीच्या वेळी मी स्वतः तिथे होतो, तुझं दार बंद होतं म्हणून त्याच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपत होतो. स्वयंपाकघराचा कोपरा तेवढा त्याने शेवटी ठेवायला लावला, नळाचं काम बाकी आहे म्हणून. तिथल्या फळ्या मी इथे कापून दिल्या, त्याच्या माणसांनी बसवल्या. बसवायला अक्कल लागतच नाही, इतक्या अचूक कापल्या होत्या.

हॉल काढायचा तर मालकाने मला बोलवायला हवं. मखमलचं पत्र नाही. मी आपणहून जाऊन दुसऱ्याच्या परवानगीचं बांधकाम सोडवू लागलो तर चोरच ठरेन. नियम नियम आहे. आणि तुझ्या विहिरीचं म्हणशील तर उन्हाळ्यात पाणी खाली जातंच.

राग आवर. लोभ ठेव, तो ठेवायला जागा लागत नाही.

दादा

* * *

९ मे

ती. स्व. दादास,
तुझ्या लाडक्या ठकीचा शि. सा. न. वि. वि.

झालं गेलं विसरून लिहितेय. तुझा अपमान मला सहन झाला नाही, म्हणून.

काल खात्याच्या बाई हॉल बघायला आल्या होत्या. मखमलने फिरवून दाखवलं. बाईंनी एका सांध्यावर टिचकी मारली आणि चारचौघांत म्हणाल्या, हे कसलं तात्पुरतं, आत खिळे ठोकलेत आणि वरून डिंक भरून फट बुजवली आहे, करवत लावल्याशिवाय हे सुटणार नाही. मला वाटलं मखमल तुझी बाजू घेईल. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, काय करू बाई, सुतारानेच फसवलं, खिळा नाही म्हणून गळ्यात मारलं. बाईंनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं, सुतार लबाड.

मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. बाई म्हणाल्या, मग तुम्हाला तर माहीतच असेल.

वादळाचे महिने तोंडावर आहेत, तर शनिवारी सकाळी करवतवाले येणार आहेत म्हणे. मला फक्त कळवायचं होतं. तू येऊ नकोस, उगाच त्रास. आता लोकांना काय वाटायचं ते वाटो. आपल्याला आपल्या मनाशी माहीत आहे ना, झालं.

वहिनीला नमस्कार. लोभ तर आहेच, इथे आता तो एकट्या माझाच उरलाय.

तुझी
ठकी

* * *

११ मे

ठके,

बसमध्ये बसायच्या आधी हे टाकतोय. मोगरी घेतली आहे. करवतवाल्यांना तिथे पाऊल टाकू देऊ नकोस. डिंक! माझ्या सांध्यात डिंक!

दादा

* * *

१९ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तू दार उघडलंस, जेवू घातलंस, पण काही बोलली नाहीस. मीही रागात होतो. घरी पोचून शांतपणे लिहितोय, कारण एक गोष्ट मला सुटत नाही, आणि मला न सुटणारी गोष्ट मला झोपू देत नाही.

शनिवारी मी पोचलो तेव्हा तिथे करवतवाले नव्हते. मखमल होता आणि मला बघून त्याचा चेहरा असा झाला की जणू मी मेलेला उठून आलो होतो. बाईही आल्या होत्या, तू बोलावल्या होत्यास म्हणे. मी नमस्कार केला नाही, काही केलं नाही, सरळ आढ्याखालची पहिली पाचर मोगरीने बाहेर काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, यात डिंक दाखवा. मखमल मध्ये आला, म्हणाला, अरे दादा, तुझी तब्येत, आज राहू दे. मी म्हटलं, बाजूला हो, नाहीतर तुलाही उलट क्रमाने काढीन. बाईंनी त्याला सांगितलं की तारीख उलटून गेली आहे, तुमच्याच अर्जात सुतार आल्यावर काढतो असं आहे, आता सुतार आलाय तर काढू द्या.

दुपारपर्यंत छप्पर, भिंती, खांब, सगळं वाळूवर ओळीने आडवं होतं. एक कपचा उडाला नाही. लोक बघत होते. मी फळ्या काढायला घेतल्या, तशी मखमलची माणसं एकेक करून पांगली. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळी उचलली तर खाली सिमेंटचा चौथरा, त्यात बोअरचा पाइप, त्यावर मोटर. माझ्या बिनखिळ्यांच्या हॉलच्या पोटात सिमेंट! बाईंनी वाकून पाहिलं. मग त्यांनी त्याला विचारलं की ही पण वाऱ्याने आली का? मला हसू आलं नाही. माझ्याच फळ्या तिच्यावर झाकण म्हणून बसल्या होत्या, इतक्या घट्ट की आवाजही बाहेर जात नव्हता.

आता प्रश्न. निघताना मी बाईंना विचारलंच, की माझ्या सांध्याला डिंक म्हणताना तुम्ही नीट पाहिलं होतं का. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, हॉलमध्ये मी आज पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. शिवाय मखमलने अर्जात लिहून दिलं होतं की सुतार अंथरुणाला खिळून आहे, त्यामुळे हॉल काढायला मुदतवाढ द्यावी, आणि त्या ती देणारच होत्या.

म्हणजे डिंक कुणी म्हटलं? लबाड कुणी म्हटलं? करवतवाले कुणी बोलावले होते? ठके, सरळ बोलावलं असतंस तर मी आलो असतो.

उत्तर दे. लोभाचं उत्तराप्रमाणे ठरवू.

दादा

* * *

२३ मे

दादा,
नमस्कार.

तू काय केलंस तुला कळतंय का? बोअर सील झाली, परवानगी रद्द, जन्मात पुन्हा मिळणार नाही. वर हुकूम आलाय की टेकडी होती तशी परत घालून द्यायची, वेलींसकट. वेली कुठून आणू? या किनाऱ्यावर त्या वेलींची रोपं एकाच ठिकाणी मिळतात आणि तिथे मला बघून ती दार लावते. काल नोकराला पाठवलं. तिने निरोप दिला की मालकाने स्वतः यावं, चालत, आणि विहिरीचं पाणी पिऊन मग बोलावं. गेलो मी. माणूस गरजेला जातो. तिने तांब्या भरून पुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. बाई तिथेच पंचनाम्याला बसलेल्या, थुंकायचीही सोय नाही. सगळा प्यायलो. वर विचारते, आणखी आणू का?

रोपं तरी दिली का? म्हणाली, आता बी टाकते, विहीर गोड झाली की उगवतील.

तुझं लाकूड खात्याच्या आवारात उघड्यावर पडलंय. तू म्हणत होतास एक खिळा नाही म्हणून. शेवटचा खिळा मलाच मारलास. आपला लोभ आजपासून बंद.

आतेभाऊ

* * *

३० मे

ती. स्व. दादास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यासोबत तू पाठवलेलं मखमलचं पत्र, दोन्ही वाचली. मखमलचं मोठ्याने वाचलं, ह्यांना ऐकवलं, मग पुन्हा वाचलं. त्याने एक लिहायचं सोडलं. दुसरा तांब्याही मी आणलाच होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: डिंक मी म्हटलं. लबाड मी म्हटलं. करवतवाले कुणीच बोलावले नव्हते. बाई बिचाऱ्या तशा बोलणाऱ्याच नाहीत, मुदतवाढीच्या अर्जावर सही करायला निघाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा, माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय की नाही ते स्वतः बघा. मला माहीत होतं तू येशील. मखमलला तुझी नस सापडली, ती काय मला सापडली नसती? मी तर लहानपणापासून तिच्याशेजारी राहिले आहे.

पत्र लिहिताना मजा आली, ते खोटं नाही सांगत. डिंक लिहिलं तेव्हा तू बसमध्ये बसलेला मला दिसला. हे म्हणाले, सख्ख्या भावाला असं? मी म्हटलं, सख्ख्या भावालाच. तुझ्या फळ्यांवर बसून लोक जेवत होते तेव्हा माझी विहीर त्यांच्या हातावरून वाहून जात होती. तेवढं तुझ्याकडून वसूल करायचं राहिलं होतं.

तू लिहिलंस, सरळ बोलावलं असतंस तर आलो असतो. सरळच बोलावलं होतं, दादा. दोनदा. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तू आलास तो हॉल बांधायला. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तू मला तुझ्या फळ्यांची फट सांगितलीस.

लाकडाबद्दल बाईंना विचारलं. भिजतंय. त्या म्हणाल्या, सुताराने अर्ज केला तर परत देता येईल. मी म्हटलं, सुतार नियमाचा पक्का आहे, मालकाचं पत्र आल्याशिवाय तो हात लावणार नाही. तेव्हा ते तिथेच राहू दे या पावसाळ्यात. तेवढी शिक्षा तुझी.

टेकडीचं काम सुरू झालंय. मखमल स्वतः उन्हात उभा राहून वाळू टाकून घेतो, मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसते. पाण्याचं विचारशील तर बाईंनी सांगितलं, समुद्र आत आला तसा लगेच मागे जात नाही, चार-दोन पावसाळे जावे लागतील. तोवर आपल्यातला लोभही थोडा मचूळच लागेल, तो तसाच पिऊन घ्यावा, ही विनंती.

तुझी
ठकी